कोल्हापूरच्या कळंबा रोडच्या साइटच्या नोंदी (मार्च २०२० पासून)

२१ मार्च २०२०, शनिवार

काल तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला. सकाळी आठला चालू केला ते रात्री साडेनऊ वाजले, ४६ माणसं, मिक्सर मधेच दोनदा बंद पडला. आज वाफे बांधून पाणी साठवलंय. उद्या जनता कर्फ्यू, म्हणून मुकादम अण्णांना सांगितलं की सगळ्यांना सुट्टी द्या, पाणी मारायला दोघं ठेवा. अण्णा म्हणाले, "एका दिवसाचं काय न्हाई साहेब, तसा बी रविवारच हाय." मलापण तसंच वाटलं.

२५ मार्च, पाडवा

रात्रीपासून २१ दिवस सगळं बंद. गावातले गवंडी, बिगारी घरी गेले. साइटवर राहिले २३ जण, १४ विजापूरकडचे (त्यात चार बायका, पाच पोरं वेगळी), ९ बिहारचे. मी गाडीवरून आलो तर दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं, लेटरहेडवरचं पत्र दाखवलं तरी एकानं काठी आपटलीच. पत्र्याच्या चार खोल्या, दहा बाय दहाच्या, म्हणजे एकेका खोलीत सहा-सात माणसं, आणि टीव्हीवर सांगतायत एकमेकांपासून सहा फूट लांब राहा.

मालकांकडून २० हजार उचल आणली, ती अण्णांच्या हातात दिली. खरं तर प्रत्येकाच्या हातात द्यायला पाहिजे होती, हे नंतर कळलं.

८ एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा यंदा नाही. दरवर्षी या दिवसात अर्धी साइट गुलालानं गुलाबी होऊन येते. आज नुसतं पाणी मारणं चालू. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आहे म्हणून किमान दहा दिवस क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) धरायचं ते बंदमुळं १९ दिवस झालं, एवढं क्युरिंग या साइटच्या एकाही स्लॅबच्या नशिबात नव्हतं.

तांदूळ-डाळ संपत आलीय. बिहारवाल्यांना भाकरी जमत नाही, विजापूरवाल्यांना भात पुरत नाही. चूल एकच.

१७ एप्रिल

केंद्राचा १५ तारखेचा आदेश वाचला. २० पासून काम चालू करता येईल, पण महापालिका हद्दीत फक्त तिथंच जिथं मजूर साइटवरच राहतायत, बाहेरून आणायचे नाहीत. आपली साइट बसते. सोबत नियमांची यादी आहे, गेटवर ताप तपासा, हात धुवायची सोय करा, दोन शिफ्टमध्ये तासाचं अंतर ठेवा, दहाच्या वर माणसं एकत्र जमवू नका, लिफ्टमध्ये २ ते ४ जण, गुटखा-तंबाखू बंद, थुंकायचं नाही, कामगारांचा मेडिकल इन्शुरन्स काढा.

मालकांना यादी वाचून दाखवली. टेंपरेचर गन म्हटलं की लगेच "घे". इन्शुरन्स म्हटल्यावर "बघू".

उद्या बांधकाम कामगार मंडळाच्या दोन हजारांचं बघायचंय, नोंदणी असलेल्यांच्या थेट खात्यावर येणार म्हणतायत. आपल्या २३ मध्ये नोंदणी झालेले किती म्हणून विचारलं तर पाच. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो सही करून द्यायला ठेकेदार टाळतात, कारण सही केली की हा माझा माणूस आहे असं लेखी होतं.

२० एप्रिल, सोमवार

काम चालू. म्हणजे तसं नाही, आज फक्त तपासणी. महिनाभर उभ्या असलेल्या सेंट्रिंगला (स्लॅबखालच्या आधाराला) लगेच कुणी हात लावायचा नाही असं सकाळीच सांगितलं. लाकडी टेकू वाळून ढिले झालेत, ठोकून बघितले तर सात टेकूंच्या पाचरी हातानं निघाल्या. कॉलमच्या बाहेर आलेल्या सळ्यांना गंज, वायर ब्रश मारायला लागणार. सिमेंटच्या ३१ बॅगा गोडाऊनला, त्यातल्या भिंतीकडच्या चार दगड झाल्यात, त्या बाजूला काढल्या. मटेरियल लिफ्टचा रोप बदलायचाय. कोरोनाच्या नादात या गोष्टी राहिल्या असत्या तर माणूस तापानं नाही, वरून पडून गेला असता.

गेटवर वॉचमन मामांच्या हातात गन दिली. मामा खूश. येईल त्याच्या कपाळाला लावतात आणि मोठ्यानं आकडा सांगतात, जसं काय बाजारात वजन सांगतायत.

आणि मालकांनी सरप्राइज दिलं, सॅनिटायझर टनेल. लोखंडी सांगाडा, प्लास्टिकचा कागद, वर चार नोझल. माणूस आत शिरला की अंगावर फवारा.

२३ एप्रिल

टनेल बंद केला. हायपोक्लोराइटचं पाणी अंगावर मारल्यानं दोघांचे डोळे लाल झाले, एका बाईला खोकल्याची उबळ आली. मी शोधाशोध केली तर आरोग्य मंत्रालयानं १८ तारखेलाच सांगितलंय, माणसांवर असलं काही फवारू नका, त्यानं उपयोग नाही आणि अपाय होतो. मालकांना मोबाइलवर ते पत्रक पाठवलं. उत्तर आलं, "२२ हजार गेले की रे." सांगाडा आता सायकली लावायला वापरतोय. हायपो जिन्याच्या कठड्याला, नळांना, फावड्याच्या दांड्यांना पुसायला ठेवला.

दुसरं म्हणजे सॅनिटायझर. गेटवर बाटली ठेवली तर गवंडी हातच पुढं करेनात. मला वाटलं आडमुठेपणा. मग एकानं तळवा उलटा करून दाखवला. सिमेंटनं बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, काही ठिकाणी लाल मांस दिसतंय, त्यावर सॅनिटायझर म्हणजे मिरचीच. सिमेंटच्या ओल्या मालात चुन्यासारखा दाहक गुण असतो, तो कातडी खातो, आणि तसंही चिखल-सिमेंटानं माखलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करतच नाही. शिवाय वेल्डिंग चालू असतं तिथं ती बाटली म्हणजे पेटायचं साधन.

म्हणून आज नळ. ड्रमला पायानं दाबायचा नळ फिटरनं जुन्या सायकलच्या पॅडलचा करून दिला (नाद खुळा काम केलंय, फोटो काढलाय). कपड्याचा साबण नाही, अंगाचा. बाजूला खोबरेल तेलाची बाटली, हात धुवून पुसले की दोन थेंब. आज दुपारी मोजलं, जेवायच्या आधी मला धरून २४ पैकी २२ जणांनी हात धुतले. उरलेल्या दोघांत एक मीच होतो, फोनवर होतो.

२८ एप्रिल

तंबाखू. यादीत "बंद" लिहिलंय, एका शब्दात. आता हे कसं चालतं ते सांगतो. दहा वाजता एकजण डबी काढतो, डाव्या तळव्यावर तंबाखू, नखानं चुना, अंगठ्यानं मळतो, दोनदा थापटतो, धूळ उडवतो, मग तळवा पुढं करतो आणि आजूबाजूचे चारजण त्याच तळव्यावरनं चिमूट उचलून तोंडात. एकाचा तळवा, पाच जणांची बोटं, पाच तोंडं. मास्क लावून केलं तरी तोंडात टाकायला मास्क खाली येणारच. सहा फूट अंतराची गोळाबेरीज तिथंच संपते.

बंद करा म्हटलं तर लिफ्टच्या डक्टमागं जाऊन खातात, तिथं रेलिंग नाही. म्हणजे आजारापेक्षा ते वाईट. अण्णांशी बोलून ठरलं की ज्यानं त्यानं आपली डबी, आपला तळवा, दुसऱ्याला द्यायची नाही, थुंकायला वाळूचं घमेलं. नियमात हे बसत नाही हे मला माहिताय. अण्णा म्हणाले, "तंबाखू सुटंल एकवेळ, पर मागितल्यावर न्हाई म्हनायचं लई जड हाय ओ." हे मी आधी धरलंच नव्हतं, तंबाखू म्हणजे व्यसन एवढंच डोक्यात होतं.

पाण्याचं सोपं निघालं. माठ आणि डोया काढून टाकला, प्रत्येकाला दोन लिटरची बाटली, त्यावर ऑइल पेंटनं नंबर. लहान पोरांनी पण नंबर मागितले म्हणून २४ ते २८ त्यांना.

११ मे

बिहारचे नऊ जण गेले. आठ तारखेला औरंगाबादकडं करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते यांनी मोबाइलवर बघितलं. परवा सकाळी सगळ्यांच्या पिशव्या बांधलेल्या. एकजण म्हणाला पैदल जाएंगे. मी म्हटलं चालत नाही जायचं, रेल्वे सुटतायत, नावं देऊ, थांबा. कागदपत्रं, डॉक्टरचा दाखला, फॉर्म, दोन दिवस यातच गेले.

हिशेब करायला बसलो तर कळलं, पाडव्याच्या दिवशीची ती २० हजारांची उचल या नऊ जणांपर्यंत पोचलीच नाही. अण्णांनी आपल्या माणसांना वाटली, यांना "नंतर". अण्णांवर चिडलो, ते गप्प. मालकांशी बोलून यांचा हिशेब वेगळा करून हातात दिला. इथून पुढं पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर, नाहीतर त्याच्या सहीनं.

जाताना त्यांनी बाटल्या परत आणून दिल्या. धुवून. नंबरासकट.

१६ जुलै

जूनची नोंद नाही, कामच तसं रेटून चालू होतं. गावातले गवंडी परत आलेत, एकूण ३४.

पाऊस लागलाय. पत्र्याच्या खोल्यांतली गर्दी कमी करायला राहायची सोय बिल्डिंगमध्येच केली, पहिल्या मजल्याचे चार फ्लॅट, भिंती झाल्यात, प्लास्टर नाही, खिडक्यांना ताडपत्री. एका खोलीत तीनच माणसं, डोकं-पाय उलट-सुलट. हवा खेळती. मला वाटलं झकास झालं.

परवा संध्याकाळी तीन वर्षांची पोरगी चेंडूमागं लिफ्टच्या डक्टकडं गेली. फळी लावलेली होती पण खालची फट एवढी की चेंडू गेला, पोरगी पोटावर झोपून हात आत घालून शोधत होती. तिच्या आईनं पाय धरून ओढली. मी जिन्यात होतो, मला नुसता आवाज ऐकू आला.

काल अख्खा दिवस दुसरं काम नाही. चारही मजल्यांचे डक्ट खालून वरपर्यंत प्लायनं बंद, बाल्कनीला कमरेएवढे पाइप दोन ओळी, जिन्याला बांबूचा कठडा, दिवे. एका धोक्यापासून वाचवायला माणसं हलवली आणि दुसऱ्याच्या तोंडाशी नेऊन झोपवली, ते पण मीच. सेफ्टी चेकलिस्टमध्ये कोरोनाचं पान वेगळं केलं होतं, ते आता एकत्र केलंय.

२७ ऑगस्ट

गणपती बसलेत, मंडपबिंडप काही नाही. शहरात पेशंट लई वाढलेत, बेडसाठी फोनाफोनी चाललीय, दोघा गवंड्यांच्या गल्ल्या सील. आणि आपल्या गेटवरच्या रजिस्टरला चार महिन्यांत एकही ताप नाही. ९७.२, ९७.८, ९८.१. पाच मिनिटं उन्हातनं चालत आलेल्या माणसाला एकदा १०१ आला, सावलीत बसवल्यावर ९८ झाला, तेवढंच.

आज मिक्सरच्या मागं भरावात पॅरासिटामॉलच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. एक नाही, अकरा मोजल्या. पावसानं माती वाहून गेली म्हणून वर आल्या.

मामांना विचारलं. मामा आधी काही बोलेनात. मग म्हणाले, "साहेब, सकाळी सहाला गोळी घेत्यात, आठपतोर ताप उतरतो, मग माझ्या बंदुकीला काय गावनार." म्हणजे मामांना माहीत, अण्णांना माहीत, चुलीवरच्या बायकांना तर सगळ्यात आधी माहीत. माहीत नव्हतं ते मला आणि रजिस्टरला.

कारण विचारायची गरजच नव्हती. बिगाऱ्याची हजेरी ४५०. ताप दिसला की घरी, घरी म्हणजे खाडा, स्वॅब म्हणजे १४ दिवसांचा खाडा. कोण सांगेल?

३० ऑगस्ट

मालकांकडं गेलो. मागणी एकच, आजारी माणसाची हजेरी भरायची, पूर्ण. मालक म्हणाले, मग उद्यापासून सगळेच आजारी. मी कागदावर मांडलं. एका बिगाऱ्याचे १४ दिवस म्हणजे ६३००. सेंट्रिंगचं भाडं, मिक्सर-लिफ्टचं भाडं, माझ्यासकट स्टाफचा पगार, हे साइट बंद राहिली तरी रोज चालूच, आणि एक गँग आजारी पडली तर साइट कमीत कमी १४ दिवस बंद. तो आकडा इथं लिहीत नाही, पण मालकांनी चष्मा काढून परत घातला.

"बरं, महिनाभर बघू. खोटं बोलणारा सापडला तर तुझ्या पगारातनं."

मस्टरला "ह" आणि "खा" होतं. आजपासून तिसरं, "ता". ताप, खोकला, वास जाणं, जुलाब, काहीही असलं तरी "ता", आणि "ता" चा पैसा "ह" एवढाच.

५ सप्टेंबर

पहिल्या दोन दिवसात कुणी नाही. लोकांना वाटलं फसवतायत. परवा, शनिवारच्या पगाराची वाट न बघता एका फिटरला दोन "ता" चे पैसे सगळ्यांसमोर दिले. आज सकाळी तिघं स्वतः येऊन सांगून गेले. त्यातला एकजण म्हणाला, मला चार दिवसांपासून वास येत नाही, रॉकेलचा पण नाही. सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) स्वॅब, तिघांतले दोन पॉझिटिव्ह. त्यांच्या खोल्यांतले चौघं वेगळ्या फ्लॅटला, वरच्या मजल्यावर, जेवण दारात.

ऑक्सिमीटर घेतला. राठ, सिमेंटनं मढलेल्या बोटावर आकडा येतच नाही किंवा ८२ वगैरे दाखवून घाबरवतो. हात कोमट पाण्यानं धुवून, चोळून, मग मधलं बोट घालून मिनिटभर थांबलं की बरोबर येतो. पहिल्या माणसाला ८४ बघून मी अँब्युलन्सला फोन लावला होता, हात धुतल्यावर ९७.

मास्क: सुती, प्रत्येकी तीन. घामानं दोन तासांत भिजतो, भिजला की नाकाला चिकटून श्वास घेता येत नाही, म्हणून दहा, एक आणि चार वाजता बदलायचा. वर ओझं घेऊन चढताना लांब असाल तर खाली घ्या, हे मी सांगितलंय.

१८ सप्टेंबर

पाचव्याचा स्लॅब, पहिल्यांदाच रेडीमिक्स आणि पंप. मिक्सरवर स्लॅब म्हणजे पाट्यांची साखळी, खांद्याला खांदा, ४५ माणसं एकाच हवेत. आज १६ माणसं, दुपारी तीनला मोकळे. खर्च जास्त आला. पण पाट्या टाकणाऱ्या बायकांचा एक दिवस गेला, त्या दुसऱ्या साइटवर गेल्या, तिथं मिक्सरच आहे, तशीच साखळी आहे. ही गोष्ट रात्री डोक्यातनं गेली नाही.

५ एप्रिल २०२१

मधल्या सहा महिन्यांत सगळे विसरले होते, मी पण. "ता" महिन्याला एखाददुसरा, खरा सर्दीतापच.

राज्याचा नवा आदेश आला. बांधकाम चालू, पण मजूर साइटवरच राहणारे हवेत, येणं-जाणं फक्त मटेरियलचं. नियम मोडला तर डेव्हलपरला १० हजार दंड. आणि एक कलम मी तीनदा वाचलं: कामगार पॉझिटिव्ह आला तर त्याला रजा द्यायची, कामावरून काढायचं नाही आणि त्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यायची. पान फोटो काढून मालकांना पाठवलं. खाली लिहिलं, आपलं ऑगस्टपासून चालू आहे. मालकांनी अंगठा पाठवला.

११ मे

मामा.

तीन दिवस मामांचा आवाज बसलेला, मला वाटलं ओरडून ओरडून. आज सकाळी गेटवर खुर्चीत बसून धाप. ऑक्सिमीटर ९४. सहा मिनिटं चालायला लावून परत बघायचं असं आरोग्य खात्यानं सांगितलंय, चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला किंवा ९३ खाली गेला तर दवाखाना. मामा दोन मिनिटंच चालले, ८९. बेड मिळायला संध्याकाळचे सात वाजले.

घरी सांगायला फोन केला तर त्यांच्या मुलानं विचारलं, "साहेब, एजन्सी खाडा लावल का?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. मामा सिक्युरिटी एजन्सीचे. आमच्या मस्टरला त्यांचं नावच नाही, म्हणून त्यांना "ता" नाही. जवळजवळ तेरा महिने सगळ्यांच्या कपाळाला बंदूक लावणाऱ्या माणसाच्या कपाळाला कुणी लावली नाही, आणि नवीन खोलीचं भाडं थकलंय म्हणून त्यांनीपण गोळी घेऊन ड्युटी केली. रजिस्टर चाळलं. मामांनी स्वतःचं टेंपरेचर रोज लिहिलंय, ९७.६, रोज तेच.

३ जून

मामा २३ दिवसांनी घरी. जिना चढवत नाही अजून. एजन्सीनं दिवस कापलेत. भांडून मालकांकडून अर्धे मिळाले, अर्धे अजून नाहीत. बाकीचे मी आणि अण्णांनी काढले, त्यात अण्णांनी माझ्यापेक्षा जास्त.

२५ जून

२१ पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस फुकट. पण कोविनवर नाव घालायला मोबाइल पाहिजे, एका नंबरावर चारच माणसं, आणि यांचे नंबर दर तीन महिन्यांनी बदलतात. माझे दोन, अण्णांचा एक, मालकांच्या ड्रायव्हरचा एक, असे नंबर जुळवून १५ जणांचं केलं. पहाटे पाचला रांगेत. लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, ताप येतो, म्हणून बरेचजण टाळत होते, एका दिवसाची हजेरी जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशीचा "ता" आधीच भरून ठेवला. मग आले.

कोविशील्डचा दुसरा डोस ८४ दिवसांनी. तोवर यातले निम्मे तरी दुसऱ्या गावच्या साइटवर असणार. सर्टिफिकेटचे प्रिंट लॅमिनेट करून दिले, डोसची तारीख मागं मार्करनं.

२४ जुलै

पूर. शिरोलीजवळ हायवे बंद, वाळू-खडी काही नाही. आपण उंचावर म्हणून कोरडे. खालच्या भागातल्या एका साइटवरची तीन कुटुंबं आणलीत, तिसऱ्या मजल्यावर. बाटल्यांचे नंबर ५२ पर्यंत गेले.

४ ऑक्टोबर

बिल्डिंगचं आतलं काम उरलंय, उद्यापासून उचगावच्या नव्या साइटवर मी. लक्ष्मीपुरीतनं नवीन मस्टर आणलं. छापील रकाने दोनच, हजर आणि गैरहजर. पेननं तिसरा आखला, पान १ ते ६०, दुपारभर तेच करत बसलो. पहिल्या ओळीत मामांचं नाव, एजन्सीतनं काढून मालकांच्या पगारावर घ्यायला लावलं, खुर्चीवरची ड्युटी. गन त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातलीय, सेल नवीन टाकायला पाहिजेत.

उद्या सातला पायाखोदाईला जेसीबी.